वीस वर्षांनी पुन्हा कराटे: शैली बदलू का, आणि गुडघा कसा सांभाळू?

पुन्हा_पांढरा_पट्टा

नमस्कार मंडळी. शाळा-कॉलेजात मिळून आठ वर्षं शोतोकान (कराटेची एक शैली) केलं. ब्राउन बेल्टपर्यंत पोचले. ब्लॅक बेल्टची परीक्षा तोंडावर आली असताना उजवा गुडघा दुखायला लागला आणि सगळंच सुटलं. आता वय ४२.

गेल्या महिन्यात घरी एकटी होते. सहज उभी राहिले आणि हेइआन शोदान हा काता (एकट्याने करायच्या ठरलेल्या हालचालींची मालिका) करून पाहिला. डावीकडे गेदान-बराई (हात खाली झाडून वार अडवणं), एक पाऊल पुढे टाकून पंच, मागे वळून पुन्हा गेदान-बराई, मग तो हात खेचून वरून हातोडीसारखी मूठ. वीस वर्षांत एकदाही आठवण काढली नव्हती, तरी पाय आपोआप पडत गेले. तिसऱ्या आगे-उकेला (हात वर नेऊन वार अडवणं) किआई, म्हणजे ती आरोळी, निघाली तेव्हा डोळ्यांत पाणीच आलं. मला हे परत हवंय.

अडचणी तीन आहेत. जवळचा क्लास गोजू-र्यू या दुसऱ्या शैलीचा आहे. शोतोकान मुरलेल्या शरीराला ते जमेल का, की दोन्हींची खिचडी होईल? दुसरी अडचण गुडघ्याची. डॉक्टरांना दाखवलं, लिगामेंट शाबूत आहे, व्यायाम करा म्हणाले. तिसरी जरा मनातली आहे. जुन्या क्लासमध्ये कुमितेत (जोडीदाराशी लढतीचा सराव) एका सीनियरची मूठ थेट तोंडावर बसली आणि समोरच्या दाताचा तुकडा पडला. शिकवणारे म्हणाले, "सहन करायला शीक." तेव्हापासून समोर कोणी पवित्र्यात उभं राहिलं की माझे खांदे आखडतात. आता असं होऊ नये म्हणून काय बघून क्लास निवडावा?

शोतोकानी

स्वागत! तीस वर्षं शोतोकान करतोय, म्हणून पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

तुम्ही केलात तो हेइआन शोदान मुळात शोतोकानचा नाहीच. जपानच्या ओकिनावा बेटावर कराटेगुरू आंको इतोसू यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शाळेतल्या मुलांना शिकवण्यासाठी पाच काता बसवले, त्यांचं नाव पिनान. शोतोकानचे संस्थापक गिचिन फुनाकोशी १९२२ साली तोक्योला प्रात्यक्षिक द्यायला गेले आणि तिथेच राहिले. पुढे त्यांनी पिनानचं हेइआन केलं आणि पहिल्या दोन कातांचा क्रमही बदलला. त्यामुळे तुमचा हेइआन शोदान शितो-र्यू किंवा वादो-र्यू या शैलींच्या क्लासमध्ये पिनान निदान म्हणून भेटेल. पवित्रे थोडे उंच असतील, हातांचे कोन वेगळे असतील, पण सांगाडा ओळखीचा.

गोजूमध्ये मात्र हा काता सहसा भेटणार नाही. ओकिनावात शुरी, तोमारी आणि नाहा या तीन ठिकाणांच्या नावांनी तीन परंपरा ओळखल्या जात. शोतोकानची मुळं मुख्यतः शुरीकडची, गोजूची नाहाची. शितो-र्यूचे संस्थापक केनवा माबुनी दोन्हीकडे शिकले. एक गुरू इतोसू, दुसरे कानर्यो हिगाओन्ना. दोघांच्या नावांतली पहिली चित्राक्षरं वेगळ्या उच्चाराने वाचली की 'शि' आणि 'तो' होतात, त्यावरूनच 'शि-तो' हे नाव झालं. म्हणून शितोमध्ये कातांची संख्या पन्नासच्या वर जाते. शोतोकानचे २६, गोजूचे डझनभर.

खिचडीची भीती बाळगू नका. वर्षभर जुनं डोकावत राहील, पण ज्याला वजन कसं सरकवायचं हे एकदा कळलं त्याचं ते कळणं पुसलं जात नाही. फक्त पट्ट्याचा आग्रह धरू नका. पांढऱ्यापासून सुरू करा. तुमच्या नावावरून वाटतंय की ते तुम्ही आधीच ठरवलंय.

नाहाची_वाट

गोजूवाली इथे हजर आहे. :)

वर हिगाओन्नांचं नाव आलंच आहे. ते चीनमध्ये फुजियानला शिकून आले. त्यांचे शिष्य चोजुन मियागी यांनी शैलीला गोजू हे नाव दिलं: गो म्हणजे कठीण, जू म्हणजे मऊ. हे नुसतं तत्त्वज्ञान नाही, अंगात उतरणारी गोष्ट आहे. शोतोकानमध्ये तुम्ही लांबून आत शिरता, एका झेपेत अंतर कापता. आमच्याकडे समोरचा आधीच हाताच्या टप्प्यात आलेला आहे असं धरलेलं असतं. मग त्याचा हात पकडायचा, ओढायचा, कोपर-गुडघा वापरायचा. म्हणून पवित्रे आखूड आणि हातांच्या हालचाली गोल.

पहिले काही महिने सांचिन हा काता तुमचा कस बघेल. दिसायला सोपा: तीन पावलं पुढे, प्रत्येक पावलाला एक पंच. पण पाऊल सरळ टाकायचं नाही, चंद्रकोरीसारखं आतून फिरवून न्यायचं. टेकलं की बोटं किंचित आत, टाच किंचित बाहेर, माकडहाड खाली, मान वर आणि पायाच्या बोटांनी जमीन धरायची. मग श्वास. आमच्या सेन्सेई (शिक्षिका) मागून येऊन खांद्यावर, पाठीवर, मांडीवर हात ठेवून बघतात कुठे ढिलं आहे आणि कुठे उगाच आखडलं आहे. पुन्हा_पांढरा_पट्टाताई, तुमचे खांदे कुमितेत आखडतात म्हणालात ना? सांचिनमध्ये खांदा वर गेला की लगेच पकडला जातो. मला वाटतं तुम्हाला ही शैली त्यासाठीच आवडेल.

एक सावधगिरी. सांचिनचा श्वास आवाज करत, पोट घट्ट करून सोडतात. नवखे लोक जोर लावायच्या नादात श्वास कोंडून धरतात, चेहरा लाल होतो. असं कोंडल्याने रक्तदाब झटकन चढतो. रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं आणि सेन्सेईंना सांगून ठेवावं. इतरांनीही श्वास अडकू देऊ नये. चेहरा शांत राहिला पाहिजे, ही आमची साधी खूण.

सांधेजोड

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि स्वतः शितो-र्यू करते. डॉक्टरांनी लिगामेंट पाहिलंय हे फार बरं झालं. मला एवढंच सांगा, हेइआन शोदान करताना दुखलं का? दुखलं तर नेमकं कुठल्या हालचालीला?

पुन्हा_पांढरा_पट्टा

आज मुद्दाम परत करून पाहिला. पंचच्या वेळी काहीच नाही. शेवटी चार शुतो-उके (उघड्या हाताने अडवणं) आहेत ना, कोकुत्सु-दाची या पवित्र्यातले, तिथे दुखतं. उजवा पाय मागे असतो तेव्हाच. गुडघ्याच्या आतल्या बाजूला आणि वाटीखाली.

सांधेजोड

मग बरंच काही कळलं. (हे तपासून दिलेलं निदान नाही. हे वाचून एकदा तुमच्या फिजिओला दाखवा.)

कोकुत्सु-दाचीत साधारण ७० टक्के भार मागच्या पायावर असतो आणि तो गुडघा वाकलेला असतो. मागचं पाऊल बाजूला वळलेलं, छाती अर्धी फिरलेली. इथे बहुतेकांची चूक एकच: गुडघा हळूहळू आत, पुढच्या पायाकडे कलंडतो. पाऊल एका दिशेला, गुडघा दुसऱ्या दिशेला आणि त्यावर ७० टक्के वजन. गुडघा हा मुख्यतः दारासारखा उघड-मीट करणारा सांधा आहे. त्याला पिळ दिलेला चालत नाही. पिळायचं काम वर खुब्याचं आणि खाली घोट्याचं.

करून पाहा: आरशासमोर उजव्या पायावर भार घेऊन तशाच उभ्या राहा. गुडघ्याची वाटी पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत आहे का? नसेल तर पाऊल हलवू नका. कुल्ल्याचा स्नायू आवळून मांडी बाहेर फिरवा. वाटी रेषेत आली की दुखणं कमी होतं का, ते मला कळवा. तरीही दुखलं तर पवित्रा दोन इंच वर घ्या, लांबी कमी करा. खोल पवित्रा दिसायला सुंदर असतो, पण जेवढ्या खोलीत गुडघा रेषेत राहतो तेवढीच खोली आजची तुमची. खोली वाढवायची असेल तर खुबा आणि घोटा मोकळा करा, मांडीत ताकद आणा. दोन-तीन महिने लागतील.

गोजूत गेलात तर सांचिन-दाचीतही हेच लक्षात ठेवा. बोटं आत घ्यायची ती खुब्यापासून. नुसता गुडघा आत ढकलून घेतलीत तर तेच दुखणं परत येईल.

आणखी दोन जागा जिथे माझ्याकडे येणारे कराटेवाले गुडघा दुखावतात. एक, मावाशी-गेरी (बाजूने फिरवून मारायची किक) मारताना खालचा पाय न फिरवणं. अनवाणी पाऊल रबरी मॅटला चिकटून बसतं, वरचं सगळं शरीर वळतं आणि पिळ गुडघ्यात अडकतो. टाच उचलून लक्ष्याकडे फिरवली की पिळ उरत नाही. नव्या मॅटवर तर पहिला आठवडा किक निम्म्या वेगानेच मारा. दुसरी, हवेत किक मारताना गुडघा खाडकन सरळ करून अडकवणं. समोर पॅड नसतं, त्यामुळे तो वेग थांबवायला सांध्याशिवाय दुसरं काहीच नसतं. किक मारतानाच तिला परत खेचायला सुरुवात करा. कोपराचंही तसंच, शंभर पंच मारताना शेवटची बोटभर जागा मोकळी सोडा.

शोतोकानी

सांधेजोडताई, शतशः अनुमोदन. आम्ही विशीत असताना 'आणखी खाली, आणखी खाली' एवढंच ऐकलं. माझ्या बरोबरीचे तिघे आज जमिनीवर बसू शकत नाहीत. बसल्या-बसल्या बेडूकउड्या मारायच्या, ते तर आता कोणी घेत असेल तर हात जोडून सांगा की बंद करा.

आणि एक. झेनकुत्सु-दाचीत (पुढचा गुडघा वाकवलेला लांब पवित्रा) दोन्ही पाय एका दोरीवर असल्यासारखे ठेवतात, ते चूक आहे. खांद्याएवढी रुंदी राहिली पाहिजे, नाहीतर तोल जातो आणि तो सावरायला गुडघा आत पडतो.

क्योकुशिन_जुना

तिसऱ्या प्रश्नाला हात घालतो, कारण आमची क्योकुशिन शैली मार खाण्यासाठीच प्रसिद्ध आहे.

मासुतात्सु ओयामा यांनी १९६४ मध्ये क्योकुशिनची संघटना उभी केली. आमच्या कुमितेत अंगावर पूर्ण ताकदीने मारतात, मांडीवर लो-किक बसतात, डोक्यावर किकही चालते. पण हाताने चेहऱ्यावर मारायचं नाही. शोतोकान, वादो, शितोच्या स्पर्धेत उलटं, चेहऱ्यावर पंचला गुण आहेत, पण मूठ आवरता आली पाहिजे. दोन्हीकडे धोका आहे, फक्त त्याची जागा वेगळी. आमच्याकडे मांड्या, नडग्या, बरगड्या. तुमच्याकडे तोंड, नाक, दात आणि एखाद्याचा अंदाज चुकला तर मेंदू.

मी स्वतः मानतो की थोडा मार अंगाला माहीत असावा. कधीच काही लागलं नसेल तर पहिल्या फटक्याला माणूस गोठतो. पण आमच्या सेन्सेईंची पद्धत सांगतो. पहिले सहा महिने फक्त पॅड. मग जोडीदाराने पोटावर ठरवून, मोजून, हलके पंच मारायचे आणि घेणाऱ्याने श्वास सोडायचा. ताकद किती वाढवायची हे घेणारा सांगणार, मारणारा नाही. तुमच्या दाताच्या बाबतीत झालं तो सराव नव्हता. कोणाच्या तरी हातावर ताबा नव्हता आणि शिकवणाऱ्याने ते झाकलं.

नाहाची_वाट

थोडा मतभेद नोंदवते. अंगावरचा मार आणि डोक्यावरचा मार एका मापाने मोजू नका. मांडीचा स्नायू मार खाऊन सावरतो, हळूहळू सवयीचा होतो. मेंदूला सवय होत नाही. 'डोकं टणक करणं' असं काही नसतं. एवढं सोडून बाकी सगळं मान्य.

क्योकुशिन_जुना

बरोबर आहे तुमचं. डोकं त्यात धरू नये, मी ते वेगळं लिहायला हवं होतं.

सांधेजोड

डोक्याच्या माराबद्दल सविस्तर लिहिते, कारण क्लासमध्ये सगळ्यात जास्त गैरसमज इथेच दिसतात.

कन्कशन (मेंदूला हादरा बसणं) व्हायला बेशुद्ध पडावंच लागतं असं नाही. मार लागल्यावर डोकं दुखणं, गरगरणं, मळमळणं, प्रकाश सहन न होणं, एकच प्रश्न परत परत विचारणं, 'ठीक आहे' म्हणताना नजर हरवलेली असणं, यातलं एक जरी दिसलं तरी त्या दिवसाचं कुमिते संपलं. 'पाच मिनिटं बस आणि ये' हे चालत नाही. हेडगिअरने कापणं-फुटणं कमी होतं, पण आत मेंदू हलायचा थांबत नाही, त्यामुळे हेडगिअर आहे म्हणून जोरात मारणं चूक. उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झटका, हातापायातली ताकद जाणं, झोपेतून उठवता न येणं असं काही दिसलं तर वाट न बघता दवाखाना गाठायचा.

परत येताना पहिले एक-दोन दिवस आराम, पण अंथरुणात पडून राहणं नाही, घरातल्या घरात हलकं फिरणं चालतं. मग चालणं किंवा सायकल, मग एकट्याने किहोन (मूलभूत तंत्रांचा सराव) आणि काता, मग पॅड, आणि डॉक्टरांनी मोकळं केल्यावर शेवटी कुमिते. प्रत्येक पायरीला किमान २४ तास. त्रास वाढला तर थांबून एक पायरी मागे. पहिला मार बरा व्हायच्या आत दुसरा बसला तर तो फार महागात पडतो.

काताप्रेमी

ताब्याचा विषय निघालाच आहे तर तोक्यो ऑलिंपिकचा सामना आठवतो. स्पर्धा २०२० ची, झाली २०२१ मध्ये. पुरुषांच्या ७५ किलोवरील गटाची अंतिम फेरी. सौदी अरेबियाचा तारेग हामेदी ४-१ ने पुढे होता. त्याची किक इराणच्या सज्जाद गंजजादेहच्या मानेवर-डोक्यावर बसली आणि गंजजादेह जागीच कोसळला. स्ट्रेचरवरून बाहेर नेलं. पंचांनी ती किक अतिरेकी ठरवून हामेदीला बाद केलं आणि सुवर्णपदक बेशुद्ध पडलेल्या खेळाडूला गेलं.

यावर पुष्कळ वाद झाले, हामेदीबद्दल मलाही वाईट वाटलं. पण मी माझ्या विद्यार्थ्यांना हा सामना नेहमी दाखवते. या नियमांत डोक्यावरच्या किकला सर्वाधिक, तीन गुण मिळतात (इप्पोन). ते तीन गुण किक आवरण्याचे आहेत. आवरता आली नाही तर गुण नाहीतच, उलट सामनाही जाऊ शकतो. जो एक इंच अलीकडे पाय थांबवू शकतो त्याला तो पुढे नेताही येतो. उलटं मात्र खरं नाही.

पुन्हा_पांढरा_पट्टाताई, क्लास निवडताना एक दिवस नुसत्या बसून बघा. ताकद किंवा पदकं बघू नका. मोठा विद्यार्थी लहान विद्यार्थ्याबरोबर कुमिते करतो तेव्हा काय होतं ते बघा. तो आपला वेग उतरवतो का? कोणाला लागलं तर शिकवणारे खेळ थांबवून जवळ जातात का, की लांबून ओरडतात? कोणी 'आज मला कुमिते नको' म्हणालं तर त्याची चेष्टा होते का? आणि थेट विचारा: आधी ठरवून केलेलं कुमिते किती महिने, मोकळं कधीपासून? याचं उत्तर न अडखळता मिळालं पाहिजे.

दोन_पोरांची_आई

वाचतेय, फार उपयोगी धागा. मध्येच विचारते, राग नको. मुलगा नऊ वर्षांचा आहे. क्लासमध्ये सगळ्या मुलांना कडक फरशीवर मुठींवर पुश-अप्स घ्यायला लावतात, आणि पुढच्या प्रात्यक्षिकात फळी फोडायची म्हणतात. त्याला खूप हौस आहे. करू देऊ का?

सांधेजोड

फळी नको. मुठींवर पुश-अप्सही कडक जमिनीवर नकोत. मुलांच्या हाडांच्या टोकांशी वाढीच्या चकत्या असतात, त्या अजून कूर्चेच्या असतात. तिथे मार बसला तर हाड वाकडं वाढू शकतं किंवा वाढ अडू शकते. तळव्यांवर, मॅटवर पुश-अप्स घेऊ दे, ताकद तेवढीच येईल.

काताप्रेमी

मी मुलांनाच शिकवते, म्हणून जोड देते. नऊ वर्षांच्या मुलाला मूठ नीट वळता येणं हीच मोठी गोष्ट आहे. चार बोटं घट्ट गुंडाळायची, अंगठा बाहेरून पहिल्या दोन बोटांवर, मनगट सरळ, आणि लागायचं ते तर्जनी आणि मधल्या बोटाच्या गाठींनी. अंगठा मुठीच्या आत ठेवून पॅडवर मारला की अंगठाच मोडतो. करंगळीकडच्या गाठीने मारलं की तिथलं हाड मोडतं, मोठ्यांमध्येही हे नेहमीचं फ्रॅक्चर आहे. हौसेला वाट द्यायची तर त्याला लटकवलेल्या कागदावर पंच मारायला द्या. कागद फाटता कामा नये, पण वाऱ्याने हलला पाहिजे. माझी मुलं तासभर त्यातच रमतात.

आणि कुमितेआधी नखं कापलेली, कानातलं काढलेलं, माउथगार्ड लावलेला. दातांना तारा असतील तर दंतवैद्याकडून मापाचा करून घ्यायचा. मॅटवर बुरशीसारखा चट्टा किंवा उघडी जखम घेऊन कोणी येऊ नये, ती पसरते.

दोन_पोरांची_आई

मनापासून आभार. कागदाचं आजच करते. सरांशीही बोलते.

पुन्हा_पांढरा_पट्टा

सात आठवड्यांनी धागा वर काढतेय.

आधी सांधेजोडताईंना: आरशात बघितलं तर वाटी चक्क अंगठ्याच्याही आत पडत होती. मांडी बाहेर फिरवली आणि दुखणं तिथल्या तिथे निम्म्यावर आलं. माझ्या फिजिओनेही तेच सांगितलं आणि कुल्ल्याचे व्यायाम दिले. ते रोज करते.

गोजूचा क्लास लावला. काताप्रेमींनी सांगितल्याप्रमाणे आधी एक दिवस कडेला बसून बघितलं. एका ब्लॅक बेल्टच्या हाताचा धक्का एका मुलीच्या हनुवटीला लागला. सेन्सेईंनी सगळ्यांना थांबवलं, तिच्यासमोर गुडघ्यावर बसून डोळे बघितले, दोन-तीन प्रश्न विचारले आणि तिला बाहेर बसवून घरी फोन केला. मग त्या ब्लॅक बेल्टला उरलेला वेळ एकट्याने सांचिन करायला सांगितलं. कोणी आवाज चढवला नाही. मी त्याच संध्याकाळी नाव घातलं.

सांचिनमध्ये खांदा खरंच पकडला जातो. मी पंच मारायच्या आधीच उजवा खांदा उचलते, हे आठ वर्षं शोतोकान करून मला कोणी सांगितलं नव्हतं. गेल्या आठवड्यात पहिल्यांदा ठरवून केलेलं कुमिते झालं. समोरच्या काकांनी आधी विचारलं, "किती वेगाने येऊ?" मी म्हटलं, निम्म्याने. ते निम्म्यानेच आले. मूठ माझ्या नाकापासून चार बोटांवर थांबली आणि माझे डोळे मिटले. पुढच्या वेळी मिटले नाहीत.

नाहाची_वाट

ताई, वाचून अंगावर काटा आला. शिको-दाची (रुंद, बसका पवित्रा) सुरू झाली की परत लिहा. पावलं बाहेर वळलेली असतात, तिथेही गुडघ्याचं तेच गणित आहे.

सांधेजोड

आणि तेव्हाही आरसा समोर ठेवा.